डीएनएचा पीळ आणि उसाच्या पानावरील पांढरी रेघ

ऊस उत्पादक शेतकरी आणि कृषी विस्तार कार्यकर्त्यांसाठी

उसाचे पान पांढरे-पिवळे पडले की आपल्याकडे पहिला संशय केवड्यावर जातो, म्हणजे लोहाच्या कमतरतेवर. बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु पानावर पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक, सरळ पांढरी रेघ दिसली, तर ते प्रकरण वेगळे असू शकते. लीफ स्काल्ड या जिवाणूजन्य रोगाची ती खूण आहे. त्यावर फेरस सल्फेट कितीही फवारले तरी पान हिरवे होत नाही. अशा प्लॉटमधून बेणे तोडले तर रोग टिपरीबरोबर दुसऱ्या शेतात जातो.

ही रेघ पांढरी का पडते, याचे उत्तर डीएनएच्या पिळात आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटतो, पण दोरी वळलेल्या किंवा ठिबकची नळी गुंडाळलेल्या कोणालाही तो समजेल. तो समजला की या रोगावर फवारणी का चालत नाही आणि बेण्याची शुद्धता एवढी महत्त्वाची का, हेही समजते.

दोरीवरून समजून घ्या

दोन पदरांची वळलेली दोरी घ्या. एक टोक खुंटीला घट्ट बांधा, दुसरे टोक एखाद्याला पक्के धरायला सांगा. आता मधोमध दोन्ही पदर बोटांनी अलग करून ती फट खुंटीच्या दिशेने सरकवत न्या. थोड्याच अंतरावर पुढचा पीळ इतका घट्ट होतो की बोट पुढे जात नाही. टोक मोकळे असते तर दोरी गरगर फिरून पीळ निघून गेला असता. टोके बांधलेली असल्यामुळे पीळ कोठेही जात नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो.

आता त्याच दोरीला जास्तीचा पीळ द्या आणि टोके जवळ आणा. दोरी स्वतःभोवतीच वेटोळे घालते. ठिबकची लॅटरल गुंडाळताना हात चुकला की नळीला असेच आढे पडतात. पिळलेल्या वस्तूला पडलेल्या या दुसऱ्या पातळीच्या पिळाला सुपरकॉइलिंग म्हणतात. या लेखात आपण त्याला ‘अतिपीळ’ म्हणू.

डीएनए ही अशीच दोन पदरांची दोरी आहे. तिची रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली. दोन पदर एकमेकांभोवती उजव्या पिळाने गुंफलेले असतात आणि साधारण दर १०.५ जोड्यांमागे एक वेढा पूर्ण होतो. जनुके वाचायची असोत वा डीएनएची नवी प्रत काढायची असो, पेशीला हे दोन पदर अलग करावेच लागतात. म्हणजे वर दोरीवर केलेला प्रयोग प्रत्येक जिवंत पेशीत सतत चालू असतो.

गुंता केवढा असतो?

ई. कोलाय या नेहमीच्या अभ्यासातील जिवाणूचे उदाहरण घेऊ. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख जोड्या असतात आणि टोकाला टोक जुळून त्याचे बंद कडे झालेले असते. हे कडे सरळ केले तर लांबी सुमारे दीड मिलिमीटर भरते. जिवाणू स्वतः मात्र जेमतेम २ मायक्रॉन लांब असतो. म्हणजे स्वतःच्या शरीराच्या कितीतरी शे पट लांबीची दोरी त्याने पोटात सांभाळलेली असते आणि तिच्यात चार लाखांहून अधिक वेढे असतात.

प्रत काढताना या जिवाणूची यंत्रणा सेकंदाला सुमारे १,००० जोड्या उलगडते. दर सेकंदाला जवळपास शंभर वेढे पुढे ढकलले जातात. ते सोडवणारी व्यवस्था नसेल तर काम काही क्षणांतच अडकेल. कड्याला मोकळे टोक नाही, त्यामुळे पीळ आपोआप निघूनही जाऊ शकत नाही.

पिळाचे साधे गणित

बंद कड्यातील दोन पदर एकमेकांभोवती एकूण किती वेळा गुंफलेले आहेत, त्या संख्येला आपण ‘गुंफण अंक’ म्हणू. या अंकाचे दोन भाग पडतात:

गुंफण अंक = पदरांचा आपापसांतील पीळ + संपूर्ण दोरीची वेटोळी

यातील मुख्य नियम असा की पदर तोडल्याशिवाय गुंफण अंक बदलत नाही. दोरी ताणा, वाकवा, गुंडाळा. पीळ कमी झाला तर वेटोळी वाढतील, वेटोळी कमी झाली तर पीळ वाढेल, पण बेरीज तीच राहील. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. डीएनएच्या बंद कड्याचा पीळही असाच चिवट असतो, पदर कापल्याशिवाय तो सुटत नाही.

एक उदाहरण पाहू. ५,२५० जोड्यांच्या लहान कड्यात सैल अवस्थेत ५०० वेढे असतील. जिवाणूच्या पेशीत मात्र असे कडे साधारण ६ टक्के कमी गुंफलेले आढळते, म्हणजे ५०० ऐवजी सुमारे ४७०. ही ३० वेढ्यांची तूट काही प्रमाणात पदर सैल होण्यात आणि बरीचशी वेटोळ्यांच्या रूपात दिसते. याला ऋण अतिपीळ, सोप्या भाषेत उलटा पीळ म्हणता येईल.

उलटा पीळ पेशीला का हवा?

याचे दोन फायदे आहेत. पहिला, वेटोळी घातलेली दोरी कमी जागेत मावते. दुसरा अधिक महत्त्वाचा: आधीच थोडी सैल असलेली दोरी उलगडायला सोपी जाते. जनुक वाचायची यंत्रणा जिथे काम सुरू करते तिथे पदर लवकर अलग होतात. ही यंत्रणा पुढे सरकते तेव्हा तिच्या पुढे घट्ट पीळ साचतो आणि मागे सैल पीळ राहतो. ही मांडणी लिऊ आणि वांग यांनी १९८७ मध्ये केली. पुढचा घट्ट पीळ वेळीच सोडवला नाही तर वाचन थांबते.

वनस्पती आणि प्राण्यांच्या केंद्रकात हीच गोष्ट दुसऱ्या पद्धतीने साधली जाते. तिथे डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. प्रत्येक रिळावर १४७ जोड्या सुमारे पावणेदोन डावे वेढे घेतात आणि त्यातून उलटा पीळ साठवला जातो.

पीळ सोडवणारे कामगार: टोपोआयसोमरेज

पदर तोडल्याशिवाय गुंफण अंक बदलत नाही, म्हणून पेशीकडे पदर कापून लगेच जोडणारी विकरे असतात. त्यांना टोपोआयसोमरेज म्हणतात. त्यांचे मुख्य दोन प्रकार आहेत.

• पहिला प्रकार: दोनपैकी एकच पदर कापतो, पीळ सुटू देतो आणि पुन्हा जोडतो. असे पहिले विकर जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये ई. कोलायमध्ये शोधले.

• दुसरा प्रकार: दोन्ही पदर एकदम कापतो, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेतो आणि काप बंद करतो. या प्रत्येक फेरीत गुंफण अंक दोनने बदलतो.

दुसऱ्या प्रकारातील डीएनए गायरेज हे विकर आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी ते १९७६ मध्ये शोधले. इतर विकरे साचलेला पीळ सोडवतात. गायरेज मात्र पेशीची ऊर्जा खर्च करून उलटा पीळ नव्याने भरते. जिवाणूंना ते असावेच लागते. माणसात आणि जनावरांत ते नसते. वनस्पतींच्या बाबतीत मात्र एक मेख आहे.

हिरव्या पानातही गायरेज असते

पानाला हिरवा रंग देणारी हरितलवके फार पूर्वी स्वतंत्र जिवाणू होती, असे विज्ञान सांगते. त्यामुळे त्यांच्याकडे आजही स्वतःचा लहान डीएनए आहे. उसाच्या हरितलवकातील हा डीएनए सुमारे १ लाख ४१ हजार जोड्यांचा आहे, म्हणजे त्यात तेरा हजारांहून अधिक वेढे येतात. त्याची प्रत काढताना पीळ सांभाळण्यासाठी हरितलवकात जिवाणूंसारखेच गायरेज काम करते. नेमक्या याच विकरावर लीफ स्काल्डचा जिवाणू घाव घालतो.

पांढरी रेघ कशी पडते?

लीफ स्काल्ड हा रोग झँथोमोनास अल्बिलिनिअन्स या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू उसाच्या जलवाहिन्यांत राहतो आणि अल्बिसिडिन नावाचे विषद्रव्य तयार करतो. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट बर्च आणि सहकाऱ्यांनी या विषावर मोठे काम केले. अल्बिसिडिन गायरेजला अडवते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्याची रासायनिक रचना २०१५ मध्ये उलगडली.

घडते ते असे. गायरेज डीएनएचे दोन्ही पदर कापते आणि दुसरा भाग पलीकडे नेते. इथपर्यंत सगळे ठीक असते. त्यानंतर काप जोडायचा असतो. अल्बिसिडिन गायरेज आणि कापलेला डीएनए या दोघांना धरून मध्येच पाचर मारते. काप उघडाच राहतो आणि गायरेज तिथेच अडकून पडते. कोवळ्या पानात तयार होत असलेल्या हरितलवकांच्या डीएनएची प्रत निघत नाही, हरितलवके पूर्ण वाढत नाहीत आणि तेवढा पट्टा हिरवा होतच नाही. विष शिरेच्या कडेने पसरते, म्हणून रेघही शिरेला समांतर आणि सरळ पडते.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, पांढरा पट्टा अन्नद्रव्याअभावी पडलेला नसतो. तिथे हरितलवकेच नीट घडलेली नसतात. म्हणून लोह, जस्त किंवा नत्र देऊन तो हिरवा होणार नाही. दुसरी, रेघ दिसते पानावर, पण जिवाणू बसलेला असतो उसाच्या आत जलवाहिनीत. पानावर मारलेले औषध तिथे पोहोचत नाही.

जिवाणूलाही गायरेज लागतेच, मग त्याचे स्वतःचे विष त्याला कसे मारत नाही? त्याने आपली सोय केलेली असते. विष पेशीबाहेर फेकणारा पंप आणि गायरेजचे रक्षण करणारे प्रथिन त्याच्याकडे असते.

शेतात ओळख कशी पटवावी?

लीफ स्काल्ड
• पानाच्या लांबीभर जाणारी, १ ते २ मि.मी. रुंद, काठ स्पष्ट असलेली पांढरी रेघ. ती बहुधा देठाच्या आवरणापर्यंत उतरते.
• पुढे रेघेच्या आजूबाजूचा भाग फिकट होतो आणि पान टोकाकडून व कडेने वाळत जाते.
• मोठ्या उसाला पांगशा फुटतात. खालच्या पांगशा वरच्यांपेक्षा मोठ्या असतात आणि त्यांच्या पानांवरही तशाच रेघा दिसतात.
• ऊस उभा चिरल्यास पेराजवळ तांबूस धागे दिसतात.
• पाण्याचा ताण पडला की काही वेळा पूर्ण ऊस कोणतीही पूर्वसूचना न देता वाळतो.
• लक्षणे सगळीकडे सारखी नसतात. एखाद्या बेटात दिसतात, शेजारचे बेट निरोगी दिसते.

केवडा (लोहाची कमतरता)
• कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा. एकच रेघ नसते, संपूर्ण पान पट्टेदार दिसते.
• चुनखडीयुक्त जमिनीत आणि खोडव्यात जास्त. शेतात सलग चट्टे दिसतात.
• फेरस सल्फेटची फवारणी केल्यावर पान हिरवे होऊ लागते.

गवताळ वाढ
• असंख्य बारीक, फिकट फुटवे; बेट गवताच्या ठोंबासारखे दिसते, पक्व ऊस बनत नाही.

पोक्का बोइंग
• कोवळ्या पानांच्या बुडाशी फिकट भाग, पाने चुरगळलेली व वेडीवाकडी.

खात्री नसेल तर अंदाजावर निर्णय घेऊ नये. लक्षणे असलेल्या उसाचा पेरासह तुकडा आणि पाने घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा ऊस संशोधन केंद्रातील रोगशास्त्रज्ञांना दाखवावीत. प्रयोगशाळेत जिवाणूचा डीएनए किंवा प्रथिन तपासून निदान करता येते.

खरा धोका: न दिसणारा रोग

या रोगाची सर्वांत त्रासदायक बाब म्हणजे तो महिनोन्महिने लपून राहतो. जिवाणू आत असतो, पण ऊस टवटवीत दिसतो. असा ऊस बेण्यासाठी विकला गेला तर घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. पुढे कोयत्यामार्फत तो एका उसातून दुसऱ्यात जातो. खोडव्यातही रोग टिकून राहतो. वादळी पावसातूनही तो पसरू शकतो. म्हणून ‘ऊस चांगला दिसतोय’ एवढ्यावर बेण्याची निवड करू नये.

व्यवस्थापन

१. बेणे खात्रीचे घ्यावे. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित या त्रिस्तरीय बेणे मळ्यातील बेण्याला प्राधान्य द्यावे. बेण्यासाठी खोडव्याचा ऊस वापरू नये. वसंतदादा साखर संस्था, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र किंवा आपला कारखाना यांच्याकडे बेण्याच्या उपलब्धतेची चौकशी लागणीच्या बऱ्याच आधी करावी.

२. बेणे प्रक्रिया. या जिवाणूसाठी परिणामकारक ठरलेली पद्धत अशी: टिपऱ्या ४० ते ४८ तास साध्या वाहत्या पाण्यात ठेवून नंतर ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ३ तास ठेवणे. तापमान थोडे जरी चुकले तरी डोळे मरतात किंवा जिवाणू वाचतो. म्हणून ही प्रक्रिया घरच्या घरी न करता सुविधा असलेल्या ठिकाणीच, मूलभूत बेण्यासाठी करावी. गवताळ वाढीसाठी केली जाणारी उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया वेगळी आहे. ती केली म्हणजे लीफ स्काल्डही गेला, असे समजू नये.

३. कोयता निर्जंतुक करावा. बेणे तोडताना एका प्लॉटमधून दुसऱ्यात जाण्यापूर्वी कोयते धुऊन जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. द्रावणाचे प्रमाण आणि वेळ लेबलप्रमाणे पाळावी. दोन कोयते आलटून पालटून वापरले तर मजुरांचे काम थांबत नाही.

४. रोगट बेटे काढावीत. बेणे मळ्यात दर महिन्याला फेरी मारून संशयित बेट मुळासकट काढून नष्ट करावे. असा प्लॉट बेण्यासाठी वापरू नये. ऊस गाळपाला द्यावा.

५. खोडवा ठेवू नये. प्रादुर्भाव स्पष्ट असेल तर खोडवा न घेता जुनी खोडकी काढून टाकावीत आणि उसाऐवजी दुसरे पीक घेऊन फेरपालट करावी.

६. सहनशील वाण. या रोगावर सर्वांत टिकाऊ उपाय प्रतिकारक्षम वाणाचाच आहे. वाण निवडताना आपल्या विभागासाठीची शिफारस पाहावी.

गायरेजवरची औषधे उसावर का फवारू नयेत?

सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन यांसारखी माणसाची प्रतिजैविके जिवाणूच्या गायरेजवरच काम करतात. त्यामुळे ‘जिवाणूचा रोग आहे ना, मग या गोळ्या पंपात टाका’ असा सल्ला कोणी देऊ शकेल. तो मानू नये. कारणे तीन आहेत.

• पिकाच्या हरितलवकातही गायरेज आहे. अरेबिडॉप्सिस या मोहरी कुळातील रोपावरील प्रयोगांत सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे लक्ष्य रोपाचे स्वतःचे गायरेज असल्याचे दिसून आले. म्हणजे औषध पिकालाच बाधू शकते.

• गायरेजच्या प्रथिनात एकच ठरावीक बदल झाला तरी जिवाणूला प्रतिकारशक्ती येते. ऑक्सोलिनिक आम्ल हे याच गटातील औषध जपानमध्ये भातावरील आणि इस्राईलमध्ये नाशपतीवरील जिवाणू रोगासाठी वापरले गेले. दोन्हीकडे प्रतिकारक जिवाणू आढळले.

• शेतात तयार झालेली प्रतिकारशक्ती माणसांच्या व जनावरांच्या उपचारांना निरुपयोगी करू शकते. लेबलवर शिफारस नसलेले कोणतेही प्रतिजैविक पिकावर वापरू नये.

सह्याद्रीतील नरक्या आणि हाच पीळ

पिळावर चालणारे आणखी एक औषध आपल्याच डोंगरात आहे. सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. हे द्रव्य प्रथम १९६६ मध्ये चीनमधील एका झाडापासून वेगळे केले गेले. नरक्यात ते असल्याचे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले. ते पहिल्या प्रकारच्या टोपोआयसोमरेजला अडवते. एक पदर कापलेला असतानाच विकर अडकते. झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना याचा मोठा फटका बसतो. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे त्याच्यापासूनच तयार झाली. औषधी मागणीमुळे नरक्याची जंगलात बेसुमार तोड झाली आहे. हे द्रव्य अत्यंत विषारी असल्यामुळे घरगुती काढा किंवा चूर्ण म्हणून त्याचा वापर कधीही करू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी बैठकीत हा विषय मांडताना दुपदरी दोरीचा प्रयोग आधी करून दाखवावा. त्याला पाच मिनिटे पुरतात. नंतर केवडा झालेले पान आणि, मिळाल्यास, पेन्सिल रेघेचे पान शेजारी शेजारी ठेवावे. रोगट पान गावात नेताना बंद पिशवीत न्यावे आणि नंतर जाळून टाकावे. बैठकीत पुढील चार प्रश्न विचारावेत: बेणे कुठून आणले? तो प्लॉट लागणीचा होता की खोडव्याचा? पांगशा किंवा पांढऱ्या रेघा पाहिल्या होत्या का? कोयते कुठे वापरून आणले होते? उत्तरे प्लॉटच्या गट क्रमांकासह नोंदवून ठेवावीत. पुढे लक्षणे दिसलीच तर बेणे कुठून कुठे गेले याचा माग लागतो आणि बाकीची शेते वेळेत वाचवता येतात.

आपण बेणे विकत असाल तर लागणीनंतर सहाव्या, आठव्या आणि तोडणीपूर्वीच्या महिन्यात प्लॉटची पाहणी करावी. संशय आला तर त्या हंगामात बेणे देऊ नये. गाळपाचा दर बेण्यापेक्षा कमी मिळेल, पण रोग गावभर जाणार नाही.